बाबा धरतील

माझ्या मुलाच्या बाबतीत जे जे पहिल्यांदा झालं, ते सगळं मी मुंबईत असताना झालं. पहिला दात, पहिलं पाऊल, पहिला ताप. जांघेतली गाठही त्यातलीच. बायकोला ती आंघोळ घालताना दिसली. पोरगा रडला की सुपारीएवढी वर यायची, शांत झाला की गडप व्हायची. मला ते फोनवर कळलं. फोनवर कळलेल्या गोष्टीचा एक फायदा असतो, हात न लावता तिच्यावर मत देता येतं. मी ते भरपूर दिलं.

मुंबई म्हणजे खरं तर भिवंडी, पण आमच्या गावात खाडीच्या पलीकडचं सगळं मुंबईच. तिथे औषधांच्या एका गोदामात मी कामाला आहे. ट्रकमधून खोकी उतरवून घ्यायची, फळीवर लावायची, कुठलं कुठे गेलं ते बघायचं. इतकी वर्षं खोक्यांवरची नावं वाचून मला आपण निम्मे डॉक्टर झाल्यासारखं वाटायचं. घर रत्नागिरीजवळच्या पालीच्या पुढे, हायवे सोडून आत. घरात आई, बायको आणि हा एकुलता एक मुलगा. वडील माझ्या लग्नाआधीच गेले. मी गणपतीला जायचो आणि शिमग्याला जायचो, मधे कोणाचं लग्न किंवा बारावं निघालं तर तेवढं अधिक.

मुलगा दोन वर्षांचा असताना कोणीतरी त्याला विचारलं, बाबा कुठे आहेत? त्याने फळीकडे बोट दाखवलं. फोन चार्जिंगला लावायची जागा ती. घरात सगळे पोट धरून हसले, बायकोने मला तो किस्सा हसत हसत सांगितला, मीही हसलो. गोदामात चार जणांना सांगून त्यांनाही हसवलं. मग जेवायच्या सुट्टीत एकटा बसलो तेव्हा डबा अर्ध्यावरच बंद केला.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सांगितलं की हर्निया आहे, आपोआप जाणारा नाही. ऑपरेशन छोटंच, पण टाळू नका, कधी आतडं अडकलं तर धावाधाव होईल. मुलगा तोवर पावणेतीन वर्षांचा झाला होता. मी फोनवरून डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले की शेवटी ते म्हणाले, "हे बघा, आमचं काम आम्ही करू. तुम्ही एक करा. मुलाला फसवून आणू नका. त्याला साध्या शब्दांत सांगा काय होणार आहे ते. या वयात बोलता कमी येतं, पण कळतं सगळं."

हे वाक्य मी झेंड्यासारखं घेऊन फिरलो. कारण घरात बेत वेगळाच शिजत होता. आई म्हणाली, "सांगायचा कशाला त्याला? मांडवीला समुद्र बघायला जायचा हाय म्हणून उचलायचा नि न्यायचा. येताना भेळ दिली की झाला." मी फोनवर भडकलो. पोराला फसवायचं नाही, उद्या समुद्र म्हटलं की तो किंचाळेल, तुम्हा लोकांना काही कळत नाही, असं बरंच बोललो. आई म्हणाली, "बरा बाबा, तू शिकलेला. तू सांग." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण तेव्हा मला उंटावर बसल्याचं भान नव्हतं, उंची तेवढी वाटत होती.

मग मी खेळ सुरू केला. डॉक्टरांकडून विचारून घेतलं होतं की लहान मुलांना नाकावर मास्क लावून झोपवतात. घरात मास्कसारखं काय असेल, तर चहाचं गाळणं. बायकोला सांगितलं, त्याला एक जुनं गाळणं दे. मी स्वतःसाठी भिवंडीच्या बाजारातून एक विकत घेतलं. पाळी सुटली की गोदामाच्या मागच्या ओट्यावर बसायचं, व्हिडिओ कॉल लावायचा, इकडे मी नाकावर गाळणं धरायचं, तिकडे त्याने. खोलीवरचे सोबती म्हणाले, हा खुळा झाला. होऊ दे, म्हटलं.

"गाठ कोण काढणार?"

"दाक्तर."

"आधी काय?"

"गाळणं."

"मग?"

मग तो मोठ्ठा श्वास घ्यायचा, डोळे मिटायचा आणि धाडकन आडवा व्हायचा. उठून म्हणायचा, "वायच दुखणार. आई हितं. बाबा हितं." एका कापडी माकडाचं त्याने या रीतीने पंधरा दिवसांत बहुतेक तीसेक वेळा ऑपरेशन केलं. बायको म्हणाली, संध्याकाळ झाली की स्वतःच फोनखाली जाऊन उभा राहतो. आधी मी फोन केला की तिला त्याला ओढून आणावं लागायचं. चेहरा दाखव रे बाबांना, एकदा हात कर रे, म्हणत. आता तो माझी वाट बघत होता. कोणीतरी माझी वाट बघतंय ही गोष्ट माणसाला किती लाचार करते ते मला त्या पंधरा दिवसांत समजलं.

त्या लाचारीपायी एक गोष्ट मी गाळली. सुई. ती असणार हे मला ठाऊक होतं. सलाईनच्या सुया मी रोज फळीवर लावतो, त्यांचे रंग मला पाठ आहेत, लहान मुलांची बारीक सुई कुठल्या रंगाची ते झोपेत सांगेन. एका संध्याकाळी त्यानेच विचारलं, "आनि काय?" तेव्हा सांगता आलं असतं. हातात एक टुचूक होईल, म्हणता आलं असतं. पण तो इतका खुशीत होता, माकडाच्या पोटावर पट्टी लावत होता. म्हटलं, उद्या सांगू. असे पाच-सहा उद्या गेले. आईला मी फसवू नकोस म्हणून झापलं आणि स्वतः निम्मंच खरं सांगून मोकळा झालो. निम्मं खरं हे आख्ख्या खोट्यापेक्षा वाईट, कारण त्यावर पोराचा विश्वास बसलेला असतो.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी पोचलो. दारात मला बघून तो बायकोच्या साडीत शिरला. फोनमधला माणूस एवढा मोठा असतो हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी बॅगेतून गाळणं काढलं आणि नाकावर धरून पडवीत बसलो. पाच मिनिटांनी त्याचंही गाळणं आलं. दुपारपर्यंत तो माझ्या मांडीवर होता. दुसऱ्या दिवशी माझ्या हाताने जेवला, माझ्या खांद्यावर बसून बागेत गेला, आंब्याला मोहोर नाही म्हणून झाडाला रागावला. दुपारी माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपला तेव्हा हाताला मुंग्या आल्या तरी मी हात काढला नाही. आयुष्यात मी कुठे पोचलो असेन तर त्या दुपारी पोचलो होतो.

आई तोवर देवळात जाऊन गाऱ्हाणं घालून आली होती. गुरवाकरवी देवाला नारळ ठेवला, पोराला सुखरूप आण, म्हणाली. त्याला माझी हरकत नव्हती. मी माझ्या कागदात गुंतलो होतो. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद. रात्री आठला मऊ भात. सकाळी सहाला साखरपाणी, तेही चार चमचे. त्यानंतर पोटात काहीही नाही. ऑपरेशन नऊला. मी तो कागद भिंतीवर चिकटवला. दुधाचं पातेलं वरच्या फळीवर ठेवायला लावलं, बिस्किटांचा डबा माळ्यावर टाकला. शेजारच्या काकू केळी घेऊन आल्या, त्यांना केळ्यांसकट पायरीवरून परत पाठवलं. बायको म्हणाली, "अहो, जरा दम घ्या. तुमचंच ऑपरेशन असल्यासारखं करताय." सहाला साखरपाणी मी स्वतः पाजलं, घड्याळ बघून.

साडेसातला गावातली व्हॅन दारात आली. निघायची घाई. बॅग, फाईल, माकड, गाळणं. मी चपला घालतोय तोवर आई आतून वाटी घेऊन आली. आमच्याकडे कोणी परीक्षेला निघो, मुलाखतीला निघो, मुंबईला निघो, हातावर दही-साखर घातल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. आईने बायकोच्या हातावर घातलं. माझ्या हातावर घातलं. मी चाटून हात पँटला पुसला. आणि त्याच्या एवढ्याशा हातावर घातलं, चांगलं चमचाभर. तो खाली सांडायला लागला तेव्हा मीच त्याचं मनगट वर धरलं. "चाट पटकन," म्हणालो. मग त्याला आजीच्या पायावर डोकं ठेवायला वाकवलं आणि उचलून व्हॅनमध्ये बसवलं.

भिंतीवर कागद होता. आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. दही-साखर म्हणजे खाणं, असं आमच्याकडे कोणी धरतच नाही. तो शकुन. दूध लपवणारा, केळी परतवणारा मी, माझ्याच हाताने पोराच्या पोटात दही घालून निघालो.

हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टर बाई तपासायला आल्या. बोलण्यावरून आमच्याच भागातल्या वाटल्या. त्यांनी विचारलं, "सकाळपासून काय दिलंय?" मी मान ताठ करून म्हणालो, "सहाला चार चमचे साखरपाणी. त्यानंतर काही नाही. मी स्वतः बघितलंय." बाई लिहिता लिहिता सहज त्याला म्हणाल्या, "काय रे, भूक लागली?"

तो म्हणाला, "दही खाल्ला." आणि तळहात उघडून दाखवला. "हितं. आजीन दिला."

बाईंचं पेन थांबलं. बायकोने माझ्याकडे बघितलं, मी फरशीकडे.

"ते निघताना देतात ना," मी म्हणालो. "हातावर."

"ठाऊक आहे. माझी आईपण देते," बाई म्हणाल्या. "पण भुलेत ते पोटातून वर आलं आणि छातीत गेलं तर? चमचा म्हणजे किती? कोणी मोजलाय? आता दोनच्या आधी मी याला हात लावणार नाही." त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी बाहेर जाऊन आईला फोन लावला आणि तिथल्या बाकांवर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोललो. काय केलंस, कागद लावला होता ना, डोळे फुटले होते का. एवढं मी तिला जन्मात बोललो नव्हतो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चमचाभर दही रे. आणि तू व्हतास ना थयच? तूपण हात पुढे केलास." मी फोन कापला. खरं बोलणाऱ्या माणसाचा फोन कापायला फार सोपा असतो.

दोनपर्यंत पोराला काही द्यायचं नव्हतं. नऊला तो हसत होता, दहाला कुरकुरत होता, अकराला पाणी मागत होता. समोरच्या बाकावर एक बाई आपल्या मुलीला इडली भरवत होती. तो माझ्या मांडीवरून वाकून तिच्या डब्याकडे बघत होता. मी त्याला उचलून व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला नेलं, तर तिथे चहावाला. साडेअकराला तो रडून रडून असा मलूल झाला की सिस्टर म्हणाल्या, सलाईन लावू, कोरडा पडेल.

आतल्या खोलीत टेबलावर त्याला बसवलं. सिस्टरनी रबराची पट्टी काढली. त्याला वाटलं खेळ सुरू झाला. त्याने पिशवीतून गाळणं काढून नाकावर धरलं आणि माझ्याकडे बघितलं.

"ते नंतर हं बाळा," सिस्टर म्हणाल्या. "बाबा, तुम्ही धरा. घट्ट. हलला तर परत टोचावं लागेल."

मी बायकोकडे बघितलं. ती दाराशी होती. म्हणाली, "मला नाही बघवणार. तुम्ही धरा." आणि बाहेर गेली. मी तिला तेव्हाही दोष दिला नाही असं लिहायला आवडलं असतं, पण ते खोटं होईल. मी दिला. अजून देतो. दीड वर्षं गाठ तिने सांभाळली, रात्री-अपरात्री तीच उठली, सगळं खरं. पण त्या एका क्षणी पोराने ज्याच्याकडे बघायचं तो माणूस मी झालो, कारण ती दाराबाहेर जाऊ शकली.

मी धरलं. एका हाताने त्याचे दोन्ही पाय, दुसऱ्या हाताने खांदा, छाती त्याच्या पाठीला टेकवून. शीर सापडेना. उपाशी पोराची शीर आत जाते म्हणे. पहिली सुई डाव्या हाताला, दुसरी डाव्यालाच, तिसरी उजव्याला. पहिल्या सुईला तो किंचाळला. दुसऱ्या सुईला त्याने मान वळवून मला विचारलं, "बाबा, गाळणं? बाबा, गाळणं?" त्याला वाटत होतं माझी काहीतरी चूक होतेय, मी क्रम विसरलोय, तो मला आठवण करून देत होता. तिसऱ्या सुईला त्याने विचारणं सोडलं. चौथी लागली, घोट्याजवळ. चिकटपट्टी लावून झाली, सिस्टर म्हणाल्या, झालं, शाब्बास. मी त्याला जवळ घ्यायला गेलो तर त्याने दोन्ही हात दाराकडे केले.

आणि एवढं करून मास्क लागलाच नाही. सलाईनची नळी होतीच, तिच्यातूनच औषध दिलं आणि तो दोन मिनिटांत झोपला, हे मला नंतर बाईंनी सांगितलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. पंधरा दिवस ज्याची तयारी केली ते घडलं नाही, आणि जे घडलं त्याची तयारी मी मुद्दाम केली नव्हती.

ऑपरेशन चांगलं झालं. अर्धा-पाऊण तास. डॉक्टर हसत बाहेर आले, सगळं व्यवस्थित, काळजी नको म्हणाले. त्यांचं काम त्यांनी केलं होतं. शुद्धीवर येताना तो मुसमुसून रडत होता, डोळे धड उघडत नव्हते. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. त्याने डोळे न उघडताच तो हात ढकलला. हात कोणाचा ते त्याला कसं कळलं, देव जाणे. "बाबा नको," म्हणाला. शेजारच्या खाटेवरची म्हातारी मला समजावायला लागली, भुलेत असतात पोरं, मनावर घेऊ नका. मी मान डोलावली.

उशीर झाल्यामुळे रात्री ठेवून घेतलं, दुसऱ्या दिवशी घरी आलो. आईने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. माझ्याशी ती बोलली नाही, मीही नाही. दोघं पोराशी बोलत होतो आणि एकमेकांना ऐकवत होतो.

घरी खरं काम सुरू झालं. दिवसातून तीनदा एक कडू औषध, गुलाबी रंगाचं, त्याला वासानेच ओकारी यायची. जखमेवरच्या पट्टीला हात लावू द्यायचा नाही. पळू द्यायचं नाही, उड्या मारू द्यायच्या नाहीत. पावणेतीन वर्षांच्या मुलाला पळू नको म्हणणं म्हणजे कोंबड्याला आरवू नको म्हणणं. दुसऱ्याच दिवशी त्याला बरं वाटायला लागलं आणि आमचे हाल सुरू झाले. शिवाय बघायला येणारी माणसं. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला आलं नाही तर बोल लागतो. आणि बघायला येणारा पट्टी उघडून बघायला मागतो. बिस्किटांचे पुडे साचले. प्रत्येकाच्या ओळखीत एक मूल होतं ज्याला असंच झालं होतं, आणि त्यातली निम्मी मुलं गोष्टीच्या शेवटी दगावलेली असायची.

पहिल्या औषधाच्या वेळी बायकोने चमचा भरला आणि त्याने तोंड घट्ट मिटलं. तिने माझ्याकडे बघितलं. "धरता का जरा?"

मी धरलं. दुपारी आई म्हणाली, बोलत नव्हती तरी एवढं म्हणाली, "त्याला धरूंदे गो. त्याच्याकडून सुटत नाय." संध्याकाळी पुन्हा. दुसऱ्या दिवसापासून कोणी विचारेनाच. चमचा वाजला की मला हाक यायची. बाबा धरतील. शर्ट बदलताना तो पट्टी ओढायचा, बाबा धरतील. नखं वाढली होती, ती कापायला काय ऑपरेशन लागत नाही, पण तेही त्याच दिवसांत निघालं. बाबा धरतील. मी धरायचो, ती औषध ओतायची, आणि मी सोडलं की तो धावत तिच्याच कुशीत जायचा. ती त्याला थोपटायची. "गेलं हं, गेलं. बाबांनी धरलं का माझ्या सोन्याला?"

तिसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, "एकदा तू धर. मी औषध देतो."

ती कपडे वाळत घालत होती. वळलीसुद्धा नाही. "तुमचं काय, तुम्ही परवा जाल," म्हणाली. "मला त्याच्याबरोबर राहायचंय."

मला इतका राग आला की मी तिथून निघालो, बागेच्या टोकापर्यंत गेलो, कुंपणाच्या गडग्यावरचा एक दगड उचलला आणि खाली ओढ्यात फेकला. ती चूक असती तर भांडलो असतो. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण तिचंही जळत होतं. वर्षातले साडेअकरा महिने ती एकटी त्याला आंघोळ घालते, भरवते, रागावते. तिला एक माणूस हवा होता ज्याच्यावर सगळं वाईट घालता येईल आणि जो बॅग घेऊन निघून जाईल. तसा माणूस घरात एकच होता.

जायच्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरीच ओली करून काढा, खाली टाके विरघळणारे आहेत. चिकटपट्टी पोटाच्या लवीला धरून बसलेली. मी कोमट पाणी लावून लावून अर्धा तास घेतला, केस केस सोडवला. कोणाला माझ्या इतकं हळू जमलं नसतं. खाली बोटाच्या पेराएवढी नाजूक गुलाबी रेघ होती, स्वच्छ, कोरडी. मी म्हणालो, बघ, गाठ गेली. त्याने बघितलं नाही. तो पूर्ण वेळ छताकडे बघत, मुठी आवळून, अजिबात न रडता पडला होता. मी बाजूला झाल्यावर त्याने विचारलं, "बाबा मुंबईला कदी जानार?"

दुपारच्या गाडीने गेलो. आईने निघताना रीतीप्रमाणे वाटी आणली. मी हात पुढे केला नाही. तिने वाटी तशीच आत नेली.

भिवंडीला आल्यावर पहिल्या संध्याकाळी ओट्यावर बसून फोन लावला. बायकोने त्याला हाक मारली, दुसऱ्यांदा मारली, मग म्हणाली, खेळतोय तो. दुसऱ्या दिवशी झोपलाय म्हणाली. आठवड्याने मला मागून त्याचा आवाज ऐकू आला, "नको, नको," असा. मी म्हटलं, राहू दे, जबरदस्ती करू नकोस. जबरदस्तीतलं मला आता बरंच कळत होतं.

मग एकदा फोन चालू राहिला होता. बायको समजली मी ठेवलाय. तिकडे जेवणं चालली होती. तो भात खाईना. आईचा आवाज आला, "खातोस का बोलवू बाबाला? येईल नि धरील हां." मग चमच्याचा आवाज. तो मुकाट्याने जेवत होता. मी पूर्ण ऐकलं. किती वेळ ते सांगत नाही. नंतर कधी त्यावरून भांडलोही नाही, कारण भांडून काय म्हणणार होतो, धाक बंद करा? मग दुसरं काय उरलं होतं माझं त्या घरात?

लोक म्हणतात मुलं विसरतात. डॉक्टरही म्हणाले होते, या वयातलं काही आठवत नाही. खरं आहे. आता तो आठ वर्षांचा आहे. ऑपरेशन त्याला आठवत नाही, सुया आठवत नाहीत, कापडी माकड कधीच चुलीत गेलं. व्रण इतका बारीक झालाय की त्यालाच शोधावा लागतो. पालीच्या शाळेत जातो, मित्र आहेत, बोलका आहे. माझ्याशी बोलतो तेव्हा 'हो' आणि 'नाही' ही दोन उत्तरं असतात. उद्धट नाही. शहाणा आहे. मी घरी गेलो की आपण होऊन नखं कापून ठेवतो, बायको म्हणते, तुम्ही यायच्या आदल्या दिवशीच कापतो. तिला ते कौतुकाचं वाटतं.

यंदाच्या शिमग्याला गेलो होतो. पालखी आमच्या वाडीत, आवाठात शिरली तशी सगळी पोरं ढोलाच्या मागे धावली. आमच्या पायऱ्या जांभ्याच्या, खडबडीत. तो शेवटच्या पायरीवर गुडघ्यावर पडला. मी पडवीतच होतो, धावत खाली गेलो. त्याने मला येताना पाहिलं आणि गुडघा दोन्ही हातांनी गच्च झाकला. बोटांच्या फटीतून रक्त येत होतं.

"दाखव," मी म्हणालो.

"काय नाय झाला."

"अरे, रक्त येतंय. दुखतंय का?"

"नाय दुखत." ओठ थरथरत होते. पण रडला नाही.

मी दोन पायऱ्या मागे सरलो. तिथेच बसलो, हात मांडीवर ठेवले, त्याला दिसतील असे. ढोल पुढे गेला. आतून बायको हळद घेऊन आली, त्याच्याजवळ बसली, हात बाजूला करायला लागली. त्याने हात हलू दिले नाहीत. तिच्या कानाशी वाकला. हळू बोलला, पण मी दोनच पायऱ्यांवर होतो.

"बाबा गेल्यावर दाखवतो."